खोडवा पिवळा, वरंब्यावर पांढरं फूल: जिप्सम टाकू का?

ओढ्याकडचं रान (ता. वाळवा, जि. सांगली)

राम राम मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज विचारायची वेळ आली.

आमचं ६० गुंठ्यांचं एक रान आहे. काळं, खोल. वरच्या अंगाला शेजाऱ्याचा बारमाही ऊस, खालच्या अंगाला ओढा. वडिलांच्या हातात रान होतं तेव्हा लागणीला एकरी ५० टनांच्या पुढं माल निघायचा. यंदाचा खोडवा (लागणीचा ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) फेब्रुवारीत तुटून गेला तो एकरी २२ टनांवर. जात को ८६०३२. मधेमधे नांग्या (मोकळ्या जागा), पानं पिवळी, कडा करपलेल्या. पाण्याची पाळी झाली की तीन-चार दिवसांत वरंब्याच्या माथ्यावर पांढरं फूल येतं. ओढ्याकडच्या तुकड्यात मात्र पांढरं फार दिसत नाही. तिथली माती वाळली की दगड, भिजली की पाय घसरतो.

माती तपासून आणली. सामू (पीएच) ८.४, क्षारता (ईसी) २.६, सेंद्रिय कर्ब ०.५२, मुक्त चुना ९.५ टक्के. खाली एकच ओळ, "जमीन क्षारयुक्त, सुधारणा आवश्यक". सुधारणा कशी करायची ते काही लिहिलेलं नाही.

तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदारानं रिपोर्ट बघून ६० गुंठ्यांना मिळून १० पोती जिप्सम आणि क्षार खाणाऱ्या जिवाणूंचं कॅन सांगितलंय. कॅनची किंमत ऐकून मी चहा न पिताच बाहेर पडलो.

जिप्सम किती टाकू? जुलैत आडसाली (पावसाळ्यात लावायच्या दीड वर्षाच्या उसाची) लागण करायची आहे, तोवर रान सुधारेल का? एक पाव्हणे म्हणतात, जमिनीत निचऱ्याच्या नळ्या टाकल्याशिवाय काही होणार नाही. पण त्या खर्चाचं नाव काढलं की वडील विषय बदलतात. ट्रॅक्टरनं मोल निचरा म्हणून एक स्वस्तातला प्रकार आहे असं ऐकलंय, तो चालेल का?

द्राक्षवाला तासगाव

आम्ही बागेत दरवर्षी जिप्सम टाकतो, फरक पडतो. टाकून बघा की राव, १० पोत्यांनी काय नुकसान होणार आहे?

कृष्णाकाठचा तात्या (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर)

पाव्हणं, पोती उचलायच्या आधी एक कुदळ आणि एक काचेचा ग्लास घ्या. दोन्ही घरात असणार.

तासगावच्या बागायतदारांचं त्यांच्या मातीत बरोबर असेल. तुमच्या रानाला कुठला आजार आहे हेच अजून ठरलेलं नाही. क्षारपड म्हणून सगळे एका नावानं ओरडतात, पण त्यात दोन वेगळी दुखणी आहेत. खारवट रानात पाण्यात विरघळणारी मिठं जास्त झालेली असतात. वर पांढरं येतं, पण माती आतून भुसभुशीत राहते. चोपण रानात मिठं कमी असतील, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. माती भिजली की तिचं लोणी होतं, वाळली की फरशी. पाणी आत जात नाही, वर गढूळ तुंबून राहतं. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी तुमच्या एकाच रानात दोन्ही दिसतायत.

आता ग्लास. दुकानातून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणा, बॅटरीत घालतात ते. विहिरीचं किंवा नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या मिठानं परीक्षा फसते. वरच्या तुकड्यातलं आणि ओढ्याकडचं असं वाटाण्याएवढं एकेक वाळलेलं ढेकूळ घ्या. दोन ग्लासांत पाणी ओता, ढेकूळ अलगद सोडा. ढवळायचं नाही, हलवायचं नाही, पोरांचा हात लागणार नाही अशा फळीवर ठेवा. दोन तासांनी बघा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. ढेकूळ फुटून तळाला बसलं आणि वरचं पाणी नितळ राहिलं, तर सोडियमचा जोर तिथं दिसत नाही. ढेकळाभोवती धुरकट वलय धरलं आणि सकाळपर्यंत सगळा ग्लास गढूळ झाला, तर ती चोपण. तपासणीला हा पर्याय नाही, पण तपासणी कशाची करून घ्यायची ते यातून कळतं.

कुदळीचं काम असं. वर, मधे आणि ओढ्याकडं अशा तीन जागी पाच फुटांपर्यंत भोक घ्या. गिरमिट मिळालं तर बरं. त्यात दोन इंची पीव्हीसी पाइप उभा करा. खालच्या तीन फुटांना बारीक भोकं पाडून वरून नायलॉनची जाळी गुंडाळायची, तोंडाला टोपण. दुसऱ्या दिवशी आत काठी सोडून पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजायचं आणि भिंतीवर लिहून ठेवायचं. पाळीच्या आधी एकदा, पाळीनंतर एकदा. पाणी तीन फुटांच्या आत असेल तर वरून काहीही ओता, उपयोग शून्य. खालचं पाणी मातीतून वर चढतं, उन्हानं उडून जातं, मीठ मागं राहतं. वरंब्याच्या माथ्यावर ते आधी दिसतं, कारण दोन्ही बाजूंच्या सऱ्यांमधला ओलावा तिथंच ओढला जातो.

जिप्समचं काम एकच. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला ढकलून त्याची जागा घेतो. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेला पाहिजे. वाटच नसेल तर तो तिथंच फिरत राहतो. आणि नुसत्या खारवट रानात ढकलायला सोडियमच नसतो. जिप्सम स्वतः एक क्षार आहे, म्हणजे मिठात आणखी भर.

कॅनबद्दल. जिवाणू पाचट कुजवतात, स्फुरद मोकळा करतात, हे मान्य. मीठ पचवून नाहीसं करणारा जीव माझ्या रानात तरी अजून आलेला नाही. आलेलं मीठ पाण्यानं आलं, जाईल ते पाण्यानंच.

मोल निचऱ्यात ट्रॅक्टरमागं लोखंडी गोळा ओढून दीड-दोन फुटांवर मातीतच पोकळ बीळ पाडतात. भारी चिकण मातीत ते दोन-तीन वर्षं टिकतं. पण चोपण मातीत बिळाच्या भिंती भिजून ढासळतात. म्हणून आधी ग्लास.

माती परीक्षक (बारामती)

तात्यांनी बरंचसं सांगितलंय, मी प्रयोगशाळेच्या टेबलावरून थोडं सांगते. रोज असे रिपोर्ट हातातून जातात.

दादा, तुमची ईसी २.६ आहे. पुस्तकात खारवट जमिनीची मर्यादा ४ लिहिलेली असते, म्हणून बरेच शेतकरी म्हणतात, "चारच्या आत आहे, ठीक आहे." ती ४ ची मर्यादा माती पाण्यानं पुरती भिजवून (संपृक्त करून) काढलेल्या अर्कासाठी आहे. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून ईसी मोजतात. पाणी जास्त, म्हणून आकडा कमी दिसतो. काळ्या मातीत खरा आकडा याच्या दुपटीहून जास्त धरा. आणि ऊस बिचारा संपृक्त अर्कात १.७ पर्यंतच निमूट सोसतो. त्यापुढं दर एक अंकाला साधारण ६ टक्के उत्पादन जातं. कापूस ७.७ पर्यंत तग धरतो, गहू ६ पर्यंत. ऊस खारं रान सोसतो हा आपल्याकडचा समज कुठून आला कोण जाणे.

दुसरं, तुम्ही सगळ्या ६० गुंठ्यांची माती एकत्र करून एकच नमुना दिलात असं वाटतं. साध्या खताच्या शिफारशीला ते चालतं. इथं नाही चालणार. दोन वेगळ्या जमिनी कालवून आलेला आकडा दोन्हींपैकी एकीचाही नसतो. वरचा तुकडा वेगळा, ओढ्याकडचा वेगळा, आणि प्रत्येकी ०-३०, ३०-६०, ६०-९० सेंमी असे खोलीनुसार नमुने घ्या. वरंब्याच्या माथ्यावरची पांढरी माती मुठीनं भरून आणू नका. वरंबा, सरी दोन्हीकडून घ्या. खताचं रिकामं पोतं वापरू नका. पाळी दिल्यावर लगेच नमुना नको.

अर्जावर स्पष्ट लिहा: सामू, ईसी, विनिमय सोडियम टक्केवारी (ईएसपी, म्हणजे कणांना चिकटलेल्या सोडियमचा वाटा) आणि जिप्समची गरज. साध्या पॅकेजमध्ये शेवटच्या दोन गोष्टी येत नाहीत, मागाव्या लागतात. ईएसपी १५ च्या वर गेली की चोपण म्हणायची. तुमच्या भागात कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र क्षारपड जमिनींवरही काम करतं, एकदा जाऊन या.

आणि विहिरीचं पाणी. त्याची ईसी आणि आरएससी (पाण्यात उरणारं सोडियम कार्बोनेट) बघा. आरएससी १.२५ च्या आत असेल तर निर्धास्त, २.५ च्या वर असेल तर ते पाणीच दर पाळीला रान चोपण करतंय.

खारपाण पट्ट्यातला (अकोला)

भाऊ, आमच्या पूर्णा खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा मिळून सगळा खारपाण पट्टा. पण तुमच्यापेक्षा गोष्ट उलटी आहे. आमच्याकडे वर पांढरं फूल फारसं दिसत नाही. जमीन मुळातच सोडियमची, आणि बोअरचं पाणी असं की पिकाला द्यायची सोय नाही. ते दिलं की दोन-तीन वर्षांत रान गेलंच समजा. त्यामुळे पावसाचं पाणी शेततळ्यात धरायचं आणि तेच एक-दोन संरक्षित पाळ्यांना वापरायचं. पेरणी रुंद वाफ्यावर, जिप्सम पावसाळ्याच्या तोंडावर.

तुमच्याकडे नदीचं गोडं पाणी आहे आणि तुम्ही ते जास्त देता. आमच्याकडे गोडं पाणीच नाही. म्हणून आमचं ऐकून तसंच करू नका, एवढंच सांगायला आलो.

ओढ्याकडचं रान

मंडळी, मनापासून आभार. तात्या, ग्लास केला. वरच्या तुकड्यातलं ढेकूळ अर्ध्या तासात फुटून बसलं, वर पाणी स्वच्छ. ओढ्याकडचं ढेकूळ तसंच्या तसं दिसत होतं, मला वाटलं हे चांगलंच आहे. संध्याकाळी त्याच्या कडेनं धूर सुटल्यागत दिसायला लागलं आणि सकाळी ग्लासच्या पलीकडचं काही दिसेना. आईनं तो ग्लास पुन्हा वापरणार नाही म्हणून सांगितलंय.

पाइप तीन जागी लावले. वर पाणी साडेचार फुटांवर, मधे तीन फुटांवर, ओढ्याकडं दोन फुटांवर. हे पाळीच्या आधीचं. शेजाऱ्याची रात्रीची पाळी झाली आणि आमच्या वरच्या पाइपातलं पाणी फूटभर चढलं. आम्ही त्या आठवड्यात मोटर चालूच केलेली नव्हती.

नवे रिपोर्ट आले. पहिल्या थराचे आकडे देतो.

वरचे ४० गुंठे: सामू ८.१, ईसी ३.१, ईएसपी ९.
ओढ्याकडचे २० गुंठे: सामू ८.९, ईसी १.४, ईएसपी २२, जिप्समची पूर्ण गरज एकरी साडेचार टन.
विहीर: ईसी २.४, आरएससी ३.१. नदीवरच्या लिफ्टचं पाणी दोन्हीत चांगलं.

ओढ्याकडं मीठ कमी आणि तरी रान जास्त वाईट, हे गणित डोक्यात बसत नाही.

आणि एकानं सांगितलंय की पाटाच्या पाण्यातून सल्फ्युरिक ॲसिड सोडलं की चोपण लगेच फुटते. खरं का?

कृष्णाकाठचा तात्या

ॲसिडचा विषय आधी संपवतो. चुनखडीच्या रानात ॲसिडनं चुना विरघळून कॅल्शियम सुटतो, ही गोष्ट खरी. पण ते हाताळायला यंत्रणा लागते. उघड्या कॅनमधून पाटात ॲसिड ओतताना डोळा गेला तर कुठला रिपोर्ट काढणार? त्यापेक्षा साधी गंधकाची भुकटी तेच काम सावकाश करते. मातीतले जिवाणू गंधकाचं ॲसिड करतात, ते तुमच्या साडेनऊ टक्के चुन्यावर काम करून जमिनीतच जिप्सम तयार करतं. एक टन शुद्ध जिप्समच्या जागी साधारण १९० किलो गंधक. मात्र ओल आणि ऊब लागते, वेळ लागतो. भाव काढून बघा, जे परवडेल ते.

आता तुमचं गणित. ओढ्याला दर पावसाळ्यात पूर येऊन ते २० गुंठे धुऊन निघत असणार. पुराच्या पाण्यानं विरघळणारी मिठं नेली, म्हणून ईसी कमी. पण कणाला चिकटलेला सोडियम नुसत्या पाण्यानं जात नाही. वर विहिरीचं ३.१ आरएससीचं पाणी दर पाळीला आणखी सोडियम देतंय. गंमत म्हणजे मिठं जास्त असतात तेव्हा तीच मातीचे कण एकत्र धरून ठेवतात, रान भुसभुशीत राहतं. मीठ गेलं आणि सोडियम राहिला की कण सुटे होतात, पाणी जायच्या वाटा बुजतात आणि रान चोपण होतं. वरच्या ४० गुंठ्यांत ईएसपी ९ आहे म्हणून ते तुम्ही बिनधास्त धुऊ शकता. ईएसपी जास्त असती तर आधी जिप्सम, मग धुणं. हा क्रम उलटा करून आमच्या शिवारात एकाची दोन एकर बरी जमीन चोपण झाली.

जिप्समचा हिशोब असा. २० गुंठे म्हणजे अर्धा एकर, पूर्ण गरज सव्वादोन टन. एकदम सगळं टाकायचं नाही. पहिल्या वर्षी निम्मं, म्हणजे अकराशे-सव्वाअकराशे किलो. पुढच्या वर्षी पुन्हा तपासून उरलेलं. हा आकडा शुद्ध जिप्समचा आहे. पोत्यावर ७० किंवा ८० टक्के लिहिलं असेल तर त्या मानानं वाढवा. दुकानदाराची १० पोती म्हणजे ५०० किलो, तीही ६० गुंठ्यांत पसरून. त्यातली दोन तृतीयांश वरच्या तुकड्यात फुकट, आणि खाली गरजेच्या तेरा हिश्श्यांतला एकसुद्धा धड पोचला नसता.

पण जिप्समचं पोतं रानात यायच्या आधी निचरा. इथं मी कुणाचंच ऐकत नाही.

पहिलं काम स्वस्तातलं आहे. तुमचा वरचा पाइप शेजाऱ्याच्या पाळीनं चढतो, म्हणजे तिकडून पाझर येतोय. वरच्या बांधाच्या आतल्या बाजूनं चार फूट खोल चर काढा, कडेकडेनं ओढ्यापर्यंत न्या. तो पाझर तिथंच अडला पाहिजे. शेजाऱ्याशी भांडू नका, चर तुमच्याच हद्दीत काढा. रात्रीची वीज असते, मोटर चालू करून माणूस झोपतो, पाणी पहाटेपर्यंत वाहतं. तुमच्या गावात काय, आमच्या गावात काय, सगळीकडं तेच.

मग नळ्या. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेऊन शेतकरी एकत्र केले, त्या लाटेत माझ्याही रानात नळ्या पडल्या. ८० मिलिमीटरची, कंगोऱ्याची, भोकं असलेली पीव्हीसी नळी, वरून फिल्टरचं कापड. साडेतीन ते चार फूट खोल. दोन ओळींत किती अंतर ठेवायचं ते माती बघून ठरतं. आमच्या भारी मातीत २० ते ३० मीटरच्या दरम्यान बसवतात. उतार १०० मीटरला १० ते २० सेंमी. हा उतार लेव्हल लावून काढायचा, नजरेनं नाही. मधे कुठं पोट पडलं की तिथं गाळ साठतो आणि ती ओळ मेली. सगळ्या ओळी मोठ्या नळीला जोडायच्या, जोडावर चेंबर ठेवायचे. चेंबर करताना पैसे वाचवायला जाऊ नका, पुढं नळी साफ करायला तीच एक जागा असते. पहिल्या पावसाळ्यात माझ्या चेंबरमधलं पाणी चूळ भरायलाही नको वाटायचं, इतकं खारट. मधे एकदा सगळं उघडून बघितलं तर एका ओळीतून धार आणि शेजारच्या ओळीतून थेंब थेंब. फिल्टरचं कापड जोडाशी फाटलं होतं, तेवढा तुकडा बदलला.

वडिलांना खर्चाचा धक्का बसतोय तर टप्प्यानं करा. चर या उन्हाळ्यात. नळ्यांचं अनुदान, सामूहिक योजना काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. ओढ्याकाठचे चार-पाच जण मिळून केलंत तर मोठ्या नळीचा खर्च वाटून जातो. मोल निचरा वरच्या ४० गुंठ्यांत करून बघता येईल, ओढ्याकडं नको.

जुलैची आडसाली विसरा. बियाणं, मजुरी, खत सगळं त्या रानात गाडाल. मी असतो तर असं केलं असतं:

मेअखेर ओढ्याकडच्या तुकड्यात जिप्सम वरच्या सहा इंचांत मिसळायचं. नांगर खोल घालून खालची माती वर आणायची नाही. मग सगळ्या ६० गुंठ्यांचे लहान लहान सपाट वाफे पाडायचे, बांध धरायचे, पावसाचं पाणी उभं करायचं. ढोबळ हिशोब असा की एक फूट मातीतली ८० टक्क्यांच्या आसपास मिठं धुवायला फूटभर पाणी त्या मातीतून आरपार जावं लागतं. वरून वाहून गेलेलं धरायचं नाही. त्याच ओलीवर हिरवळीच्या खतासाठी धैंचा फेकायचा, एकरी २० किलोच्या आसपास. ताग नको, खाऱ्या रानात ताग उगवण धरत नाही. दीड महिन्यात, फुलावर यायच्या सुमाराला, देठ कडक व्हायच्या आत गाडायचा. रब्बीला गहू करा, कर्नालच्या क्षार संशोधन संस्थेच्या केआरएल जाती याच कामासाठी काढल्यात. घेवडा, हरभरा यांच्या नादी लागू नका. त्यानंतर पुन्हा माती तपासा आणि पुढच्या जुलैत लागण. जात को ८६०३२ नको, फुले २६५ घ्या. २००७ साली आली, क्षारपडीला तिच्यासारखी टिकणारी जात मी केलेली नाही. साखर उतारा कमी म्हणून काही कारखाने नाक मुरडतात, तेव्हा नोंदीच्या आधी चिटबॉयला (कारखान्याच्या ऊस नोंदणीच्या माणसाला) विचारून ठेवा.

खतांत युरियाच्या ऐवजी जमेल तिथं अमोनियम सल्फेट, डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट. त्यातला गंधक आणि कॅल्शियम आपल्याला हवाच आहे. पोटॅशही म्युरेटचं नको, त्यात क्लोराइड येतं. नळ्या पडल्यावर नत्र धुऊन जातं, म्हणून हप्ते वाढवून थोडं थोडं द्या. झिंक आणि फेरस सल्फेट नुसतं टाकू नका, शेणखतात मुरवून द्या.

पाचट पेटवू नका. हेक्टरी ८ ते १० टन निघतं. ते सरीत आच्छादलं की ऊन थेट मातीला लागत नाही आणि मीठ वर चढायचं कमी होतं. दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन, एवढं टाकायचं. जिवाणूंवर पैसे घालवायचेच असतील तर इथं घालवा.

विहिरीचं पाणी ओढ्याकडच्या तुकड्याला बंद. लिफ्टचंच द्या.

माती परीक्षक (बारामती)

तात्यांच्या यादीत एक भर. पुढं ठिबक केलंत तर मीठ ओल्या गोळ्याच्या कडेला जमतं. पहिला वळीव आला की लोक ठिबक बंद करतात, आणि तोच पाऊस कडेचं मीठ मुळांत ढकलतो. पहिल्या एक-दोन पावसांत ठिबक चालू ठेवा. शेजारपाजारचे हसतील, हसू द्या.

गहू निघाल्यावर नमुना घ्याल तो ३०-६०चाही घ्या. वरचा थर सुधारलेला दिसतो आणि खाली मीठ तसंच बसलेलं असतं.

ओढ्याकडचं रान

सगळं वहीत उतरवलं आणि वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, चर काढू. नळ्यांचं अजून "बघू"वर आहे. आमच्या वडिलांचं "बघू" म्हणजे नाही नसतं.

एक अडचण. ओढा गाळानं भरलाय. आमच्या रानाच्या कडेपासून ओढ्याचा तळ जेमतेम चार-साडेचार फूट खाली असेल, आणि पावसाळ्यात पाणी काठाला लागतं. २०१९ला तर रान आठवडाभर पाण्याखाली होतं. मोठी नळी सोडायची कुठं?

कृष्णाकाठचा तात्या

हे आधी सांगितलं असतंत तर मी नळ्यांचं एवढं लांबवर लिहिलं नसतं.

आधी लेव्हल घ्या. नळीचं तोंड ओढ्यातल्या नेहमीच्या पाण्यापासून निदान फूटभर वर राहिलं पाहिजे, नाहीतर ओढ्याचं पाणी नळीतून रानात येईल. तुमच्या आकड्यांत हे बसत नाही. दोन वाटा आहेत. ओढ्याचा गाळ काढणं हे एकट्याचं काम नाही. ग्रामपंचायतीचा ठराव आणि काठावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतील, आणि खालच्या गावापर्यंत काढला तरच पाणी हलेल. दुसरी वाट म्हणजे रानाच्या कोपऱ्यात सिमेंटच्या कड्यांची सहा-सात फुटी विहीर करायची, मोठी नळी तिच्यात सोडायची आणि लहान मोटरनं पाणी उचलून ओढ्यात टाकायचं. फ्लोट बसवला की मोटर आपली आपण चालू-बंद होते. नळीच्या तोंडाला झडप लावा, पुरात बंद करता येते. ते पाणी परत पिकाला देऊ नका, तुम्हीच धुऊन काढलेलं मीठ आहे त्यात.

चराचीही हीच गत, तो शेवटी त्याच ओढ्यात जाणार. पावसाळ्याआधी चराचं तोंड कुठं निघतं ते नक्की करून घ्या. तोवर पाइपातलं पाणी मोजत रहा. चर झाल्यावर मधला पाइप तीन फुटांवरून चारवर गेला तर नळ्या निम्म्याच रानात लागतील, फक्त खालच्या अंगाला. नळीवाल्याला बोलवायचं ते हे आकडे हातात आल्यावर.